हा आकडा कुठून मोजलेला आहे? व्हेरिओतला अल्टिमीटर लावणे आणि वाचणे

इंदूरला राजेंद्र नगरातल्या एखाद्या घरी नवा व्हेरिओ (उडताना सोबत नेतात ते चढ-उतार आणि उंची दाखवणारे उपकरण) खोक्यातून काढून टेबलावर ठेवला आणि जुलैत सुरू केला, तर तो उंची साडेसहाशे मीटरच्या वर दाखवील. तेच टेबल, तोच व्हेरिओ, पण जानेवारीतली थंड सकाळ असेल तर आकडा ५२० च्या आसपास येईल. शहराची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ५५३ मीटर आहे आणि ती बारा महिने तेवढीच असते. उपकरणही ठणठणीत आहे. तरी एकाच जागी सव्वाशे-दीडशे मीटरचा फरक पडतो, आणि ज्याला तो का पडतो हे कळले त्याला अल्टिमीटर, म्हणजे व्हेरिओतला उंचीमापक, निम्म्याहून अधिक कळला.

पॅराग्लायडिंग किंवा हँग ग्लायडिंग करणारे व्हेरिओ घेतात तो त्याच्या आवाजासाठी: वर जाताना टिटटिट, खाली जाताना घरघर. उंचीचा आकडा मात्र बहुतेक जण कारखान्यातून जसा आला तसाच वापरतात. हे धोक्याचे आहे. चुकीचा आकडा नेहमी चुकीचा दिसत नाही. तो पडद्यावर अगदी नीटनेटका, मीटरपर्यंत मोजलेला दिसतो.

उपकरणाला उंची कळतच नाही

व्हेरिओच्या आत नखाएवढा, किंबहुना त्याहून लहान दाबमापक सेन्सर असतो. त्याला कळते ती फक्त एक गोष्ट: या क्षणी इथे हवेचा दाब किती. डोक्यावर जेवढी हवा, तेवढे तिचे वजन, तेवढा दाब. वर गेलो की डोक्यावरची हवा कमी होते आणि दाब उतरतो. १६४८ साली फ्रान्समध्ये पास्कलच्या मेव्हण्याने पाऱ्याची नळी घेऊन डोंगर चढून हेच दाखवले होते. नळीच्या जागी चिप आली, तत्त्व तेच राहिले.

दाबावरून उंची काढायची तर दोन गोष्टी धरून चालावे लागते. पहिली, समुद्रसपाटीला दाब किती आहे. दुसरी, मधल्या हवेचे तापमान किती आहे. उपकरण यासाठी एक 'प्रमाण वातावरण' वापरते: समुद्रसपाटीला दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल, तापमान १५ अंश, आणि दर किलोमीटरला साडेसहा अंशांची घट. असा दिवस माळव्यात क्वचितच उगवतो. म्हणून आकडा जवळजवळ रोज थोडाफार चुकलेला असतो, आणि तो किती व कोणत्या दिशेने चुकला आहे हे ओळखणे हे आपले काम.

हवेचे थर गोधड्यांच्या चळतीसारखे असतात. तळच्या गोधड्या वरच्या भाराने दबून पातळ झालेल्या, वरच्या फुगीर. एक हेक्टोपास्कल दाब उतरायला समुद्रकाठी साधारण ८.३ मीटर चढावे लागते, इंदूरच्या उंचीवर ८.८ मीटर, २,४०० मीटरवर साडेदहा मीटर आणि ५,५०० मीटरवर, जिथे दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो, तिथे सुमारे साडेचौदा. डोक्यात एक सोपा हिशेब ठेवावा: एक हेक्टोपास्कलची चूक म्हणजे आठ ते दहा मीटरची चूक.

आता टेबलावरच्या आकड्याचा उलगडा होतो. जानेवारीत मध्य भारतावर दाब जास्त असतो, समुद्रसपाटीला आणून मोजला तर १०१६-१०१७ च्या घरात. पावसाळ्यात तो हजाराच्या आसपास येतो. उपकरण मात्र १०१३ धरून बसलेले. दाब कमी झाला की त्याला वाटते आपण वर आलो. जुलैत तेरा हेक्टोपास्कल कमी, म्हणून शंभर-एकशेदहा मीटर जास्त. जानेवारीत तीन-चार हेक्टोपास्कल जास्त, म्हणून तीस मीटर कमी.

दिशा पाठच करावी: दाब उतरला की अल्टिमीटर खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवतो. म्हणजे प्रत्यक्षात आपण दिसतो त्यापेक्षा खाली असतो.

सकाळचे दहा, दुपारचे चार

हा बदल केवळ ऋतूंचा असता तर महिन्यातून एकदा आकडा लावून भागले असते. पण आपल्या अक्षांशांत हवेलाही रोज भरती-ओहोटी असते. दाब सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी, मग रात्री दहाला पुन्हा चढलेला आणि पहाटे चारला उतरलेला. युरोपात हा फेरा इतका लहान असतो की येणाऱ्या-जाणाऱ्या वादळांत तो दिसतही नाही. बहुतेक व्हेरिओंच्या पुस्तिका तिकडेच लिहिल्या जातात, त्यामुळे त्यांत याचा उल्लेख सहसा सापडत नाही. इकडे कोरड्या दिवशी दहा ते चार या वेळेत तीन-चार हेक्टोपास्कल सहज उतरतात. मीटरमध्ये सांगायचे तर पंचवीस ते पस्तीस.

यावर विश्वास ठेवायला कुठेही उडायला जायची गरज नाही. मार्च-एप्रिलातल्या एखाद्या रविवारी सकाळी दहाला व्हेरिओ खिडकीजवळ, पण सावलीत ठेवा आणि उंची ५५३ लावा. पोहे-जिलेबी खाऊन या, जेवा, झोप काढा. चार वाजता पाहाल तर तो ५८० किंवा त्याहून थोडे जास्त दाखवत असेल. घर तिथेच, टेबल तिथेच. दर तासाला आकडा वहीत लिहिला तर संध्याकाळनंतर तो परत उतरताना दिसेल.

आता हेच उड्डाणाला लावून पाहा. सकाळी दहाला लँडिंगच्या शेतात शून्य लावले. दुपारी तीन-साडेतीनला परत आलात. पडद्यावर ३० मीटर दिसतात आणि पाय जमिनीला टेकलेले आहेत. तीस मीटर म्हणजे दहामजली इमारत. शेवटच्या वळणाचा निर्णय या तीस मीटरवर ठरत असेल तर तो निर्णय उशिरा होणार.

क्यूएनएच आणि क्यूएफई

ही अक्षरे पाहून घाबरू नये. ती मोर्स संदेशांच्या काळातल्या सांकेतिक खुणा आहेत आणि कुठल्याही वाक्याची आद्याक्षरे नाहीत, त्यामुळे त्यांचा विस्तार शोधण्यात वेळ घालवू नये. अर्थ एवढाच: क्यूएनएच लावला तर जमिनीवर उभे असताना अल्टिमीटर त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. क्यूएफई लावला तर त्याच जागेवर शून्य दाखवतो. इंदूर विमानतळ ५६४ मीटरवर, म्हणजे १,८५० फुटांवर आहे. क्यूएनएच लावून धावपट्टीवर उभे राहिलात तर ५६४ दिसेल, क्यूएफई लावून शून्य. प्रमाण दिवशी तिथला प्रत्यक्ष दाब ९४७ हेक्टोपास्कल असतो. तोच तिथला क्यूएफई.

आपल्या उपकरणांत यासाठी दोन वेगळे अल्टिमीटर असतात. नावे कंपनीगणिक बदलतात, पण बहुधा ए१ आणि ए२ किंवा अल्ट१ आणि अल्ट२ असतात. पहिला समुद्रसपाटीपासूनचा, दुसरा आपण ठरवू तिथून. दोन्ही एकाच सेन्सरवर चालतात. दुसरा म्हणजे पहिल्यातून एक आकडा वजा केलेला, इतकेच. काहींत तिसराही असतो, त्यात दिवसभरात एकूण किती चढलो याची बेरीज होते. त्याचा उड्डाणाच्या सुरक्षिततेशी संबंध नाही.

ए१ लावायला तीन वाटा आहेत. पहिली आणि माझ्या मते सर्वांत भरवशाची: जागेची उंची माहीत असेल तर तीच घालायची. उपकरण दाबाशी ताळा करून क्यूएनएच स्वतः काढते. माहीत असलेली उंची मिळवायला रेल्वेसारखा मित्र नाही. आपल्याकडे स्टेशनांच्या पिवळ्या पाटीवर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. पाटीजवळ उभे राहायचे, आकडा घालायचा, झाले. दुसरी वाट विमानतळाच्या हवामान संदेशाची, ज्याला मेटार म्हणतात. तो इंटरनेटवर खुला असतो आणि त्यात क्यू अक्षरापुढे चार अंक असतात. क्यू १००६ असेल तर १००६ घालायचे. हा आकडा जवळपासच्या भागापुरताच धरावा. हिमाचलातल्या बीरला उडताना इंदूरचा क्यूएनएच निरुपयोगी आहे, तिथे कांगड्याचा पाहावा. तिसरी वाट जीपीएसवरून आपोआप लावण्याची. सोय मोठी आहे, पण तिचे दोष पुढे सांगतो.

कोणतीही वाट धरा, शेवटी दुसरीने पडताळा. उंची घातल्यावर उपकरणाने काढलेला क्यूएनएच मेटारच्या जवळ आहे का हे पाहायचे. एक-दोन हेक्टोपास्कलचा फरक चालतो. पाच-सात निघाला तर उंची चुकीची घातली आहे, एकक चुकले आहे किंवा सेन्सरचे मोजमाप सरकले आहे. सेन्सरबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. एमएस५६११ हा व्हेरिओंत फार वापरला जाणारा सेन्सर दहा सेंटिमीटरचा चढ-उतार ओळखतो. पण त्याच्या माहितीपत्रकाप्रमाणे मूळ दाबातली चूक दीड हेक्टोपास्कलपर्यंत असू शकते, आणि वर्षाला सुमारे एक हेक्टोपास्कल सरकणे नेहमीचे धरले आहे. सूक्ष्म फरक ओळखणे वेगळे आणि मूळ आकडा बरोबर असणे वेगळे. घड्याळाचा सेकंदकाटा व्यवस्थित फिरत असला तरी घड्याळ दहा मिनिटे पुढे असू शकते, तसेच हे. म्हणून दोन मित्रांचे व्हेरिओ शेजारी ठेवले आणि त्यांत बारा-पंधरा मीटरचा फरक दिसला तर कोणाचा चांगला यावर वाद घालू नये. दोन्ही एकाच आकड्यावर लावावेत.

शून्य कुठे लावायचे

खरा कस इथे लागतो. दिवाळीच्या सुट्टीत इंदूरचे पुष्कळ जण बीर-बिलिंगला जातात, म्हणून तिथलेच उदाहरण घेऊ. सोयीसाठी गोल आकडे धरू: टेक-ऑफ २,४०० मीटर, लँडिंग १,४००. प्रमाण वातावरणात या दोन उंचींवर दाब ७५६ आणि ८५६ हेक्टोपास्कल, म्हणजे हजार मीटरला बरोबर शंभर.

नवखा माणूस काय करतो? टेक-ऑफवर पोचून सामान मांडल्यावर त्याला उपकरणाची आठवण होते. तो ए१ मध्ये २,४०० घालतो, ए२ मध्ये १,००० घालतो, म्हणजे उतरल्यावर शून्य दिसेल असा हिशेब. कागदावर हिशेब चोख आहे. पण प्रमाण वातावरणात १,९०० मीटरवर तापमान अडीच-तीन अंश धरलेले असते, आणि ऑक्टोबरच्या उन्हात तिथे वीस अंश असू शकते. उबदार हवा फुगते, त्यामुळे हजार मीटरच्या खऱ्या थरात दाबाचा फरक शंभर न राहता सुमारे चौऱ्याण्णवच भरतो. उपकरणाला वाटते आपण ९४० मीटरच उतरलो. पाय जमिनीला टेकले तरी पडद्यावर ६० शिल्लक. त्यात दुपारची ओहोटी आणखी वीस-तीस मीटरची भर घालते, आणि दोन्ही चुका एकाच बाजूच्या, धोक्याच्या बाजूच्या. लँडिंगला ऐंशी-नव्वद मीटरची उंची पडद्यावर आहे आणि प्रत्यक्षात काहीच नाही.

सकाळी गाडीने वर जाण्याआधी लँडिंगच्या शेतात थांबून ए२ शून्य केला असता तर? तापमानाची चूक तेव्हाही असती, पण ती वर, टेक-ऑफवर दिसली असती. तिथे १,००० ऐवजी ९४० दिसले असते आणि त्याने कोणाचे काही बिघडले नसते. जसजसे खाली याल तसतशी ती चूक विरत जाते, कारण जमीन आणि तुम्ही यांच्यामधला हवेचा थर पातळ होत जातो. उरते ती फक्त दुपारची ओहोटी. म्हणून जिथे आकडा अचूक हवा, तिथेच शून्य लावावा. दाबावरचा अल्टिमीटर जिथे लावला तिथे सर्वांत खरा असतो आणि तिथून जितके उभे अंतर दूर जावे तितका फसवत जातो. ढोबळ प्रमाण: हवा प्रमाणापेक्षा दहा अंश उबदार असेल तर मोजलेल्या उंचीत चार टक्क्यांच्या जवळ चूक.

हे घराजवळ पाहायचे असेल तर महेश्वरचा रस्ता उत्तम. एप्रिलात घरी ५५३ लावा, मानपूरचा घाट उतरून नर्मदेकाठी जा. महेश्वर दीडशेच्या जरासे वर आहे, पण घाटाच्या पायऱ्यांवर व्हेरिओ १८० किंवा दुपारी पोचलात तर २०० च्या आसपास दाखवील. त्या पस्तीस अंशांच्या हवेतून चारशे मीटर उतरल्याचा आणि मधल्या चार तासांचा तो परिणाम. आकडा वाचताना गाडी थांबवून दार उघडावे. धावत्या बंद गाडीत आतला दाब बाहेरच्यासारखा नसतो. पावसाळ्यात पातालपाणी-कालाकुंडची गाडी धरणाऱ्यांना तर दोन्ही टोकांना पाट्याच मिळतात: एका पाटीवर लावा, दुसरीवर किती चुकले ते पाहा.

लँडिंगला न थांबता सरळ वर जावे लागले तर ए२ मध्ये उंचीचा फरक घालावाच लागतो. अशा वेळी हजाराऐवजी ९२०-९३० घालावे. चूक राहिलीच तर ती सुरक्षित बाजूला राहू द्या.

लावण्याचा क्रम

उपकरण उड्डाणाआधी निदान दहा मिनिटे सुरू करून सावलीत ठेवावे. डॅशबोर्डवर तापलेला सेन्सर थंड वाऱ्यात नेला की स्थिर व्हायला वेळ घेतो. मग एकके पाहावीत. उंची मीटरमध्ये की फुटांत, हे दर वेळी. भाड्याने घेतलेल्या किंवा मित्राच्या उपकरणात तर आधी हेच. ३०० फूट म्हणजे ९१ मीटर, आणि हा फरक उंचावर कळत नाही, जमीन जवळ आल्यावर कळतो. त्यानंतर ए१, त्याचा क्यूएनएचशी ताळा, मग लँडिंगला ए२ शून्य. टेक-ऑफवर पोचल्यावर ए१ पुन्हा पाहावा. सकाळपासून तो सरकलेला असणारच, तो दुरुस्त करावा, पण त्याआधी उपकरणाची पुस्तिका वाचावी. काही उपकरणांत ए१ बदलला की ए२ ही सोबत सरकतो, काहींत सरकत नाही. ही एक गोष्ट घरी करून पाहिल्याशिवाय डोंगरावर जाऊ नये.

हवेत असताना क्यूएनएच बदलण्याच्या फंदात पडू नये. एक हात ब्रेकवरून निघतो आणि नजर पंखावरून.

जीपीएसची उंची वेगळी का येते

जीपीएसला हवेच्या दाबाशी देणेघेणे नाही, त्यामुळे वरच्या चुका त्याला लागू नाहीत. त्याच्या चुका वेगळ्या. सगळे उपग्रह आपल्या वरच्या बाजूला असतात, खाली पृथ्वी आडवी येते, म्हणून उभी चूक आडव्या चुकीच्या दीडपट-दुप्पट असते. सुरू केल्या-केल्या, किंवा दरीत अर्धे आकाश झाकलेले असताना, ती आणखी वाढते. आपोआप लावणारी सोय नेमकी याच वेळी आकडा पकडते. सात-आठ उपग्रह मिळून दोन-तीन मिनिटे गेल्याखेरीज तिच्यावर विसंबू नये.

दुसरी चूक भारतात विशेष मोठी आहे. जीपीएस उंची मोजतो ती पृथ्वीच्या गुळगुळीत, गणिती आकारापासून. खरी समुद्रसपाटी त्या आकाराशी जुळत नाही. भारतीय उपखंडाखाली ती बरीच खोल गेलेली आहे, श्रीलंकेच्या दक्षिणेला शंभर मीटरहून अधिक, मध्य भारतात पन्नास-साठ मीटर. चांगली उपकरणे ही वजाबाकी-बेरीज आत करून समुद्रसपाटीची उंची देतात. जे करत नाही ते इंदूरला पाचशेच्या किंचित खाली दाखवील. असा आकडा दिसला की उपकरण बिघडले म्हणून परत पाठवू नका, सेटिंगमध्ये 'जिऑइड' शब्द शोधा, खऱ्या समुद्रसपाटीच्या आकाराचे ते नाव. उड्डाणाची आयजीसी फाइल, म्हणजे उपकरणाने केलेली उड्डाणाची नोंद, उघडली की हाच गोंधळ भेटतो. तिच्यात दोन उंची नोंदतात: एक दाबावरची, तीही तुम्ही काहीही लावले असले तरी १०१३.२५ धरून, आणि दुसरी जीपीएसची. नकाशावर आपला ट्रॅक जमिनीखालून निघालेला दिसला तर कारण हे असते.

मोबाइलवर उडणाऱ्यांनी आधी आपल्या फोनमध्ये दाबाचा सेन्सर आहे की नाही ते पाहावे. पुष्कळ फोनांत तो नसतो आणि ॲप मुकाट्याने जीपीएसची उंची दाखवते.

नव्या उपकरणांत 'जमिनीपासूनची उंची' असाही आकडा येतो. ती मोजलेली नसते. उपकरण आपली जागा पाहते, साठवलेल्या नकाशातून तिथल्या जमिनीची उंची काढते आणि वजा करते. यांतले बरेच नकाशे २००० साली अंतराळयानातून केलेल्या मोजणीवर आधारलेले आहेत आणि त्यांत तीस किंवा नव्वद मीटरच्या चौकोनाला एकच उंची असते. कड्याच्या धारेवर हा चौकोन वर-खाली गल्लत करतो. झाडे धड कळत नाहीत, आणि विजेच्या तारा तर अजिबात नाहीत. दरी ओलांडताना हा आकडा उपयोगी. तारा असलेल्या भागात उतरताना त्याच्याकडे पाहूच नये.

मग विमाने अजून दाबावरच का उडतात? कारण सगळ्यांनी एकच क्यूएनएच लावला तर सगळ्यांची चूकही एकच होते, आणि दोन विमानांमधले अंतर टिकते. हवाई हद्दीच्या मर्यादाही दाबावरच्या उंचीत, फुटांमध्ये दिलेल्या असतात. इंदूरच्या आसपास विमानतळाची नियंत्रित हद्द आहे, तिथे परवानगीशिवाय उडायचेच नाही. इतरत्र वर मर्यादा असेल तर ए१ त्या दिवशीच्या क्यूएनएचवर लावलेला हवा, आणि स्पर्धेत मर्यादा दाबाने तपासणार की जीपीएसने हे सकाळच्या सूचनांत नीट ऐकावे.

वाचताना

आकडा एकटा वाचू नये, अंतरासोबत वाचावा. लँडिंग चार किलोमीटरवर आहे आणि ए२ मध्ये ६०० दिसतात. पंख स्थिर हवेत एकास आठ जातो, एक मीटर उतरताना आठ मीटर पुढे, म्हणजे ५०० मीटर लागतील, शंभर शिल्लक. पण समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा असेल आणि पंखाचा वेग ३७ असेल, तर जमिनीवरून पुढे सरकणे २२ चेच. एकास आठचे एकास पावणेपाच होते आणि त्याच चार किलोमीटरला ८४० मीटर लागतात. पोचणे नाही, तेव्हा मधले शेत आत्ताच निवडायचे. आणि वारा नसतानाचे ते शिल्लक शंभर? शून्य टेक-ऑफवरून लावला असेल तर त्यांतले ऐंशी-नव्वद मुळात नव्हतेच.

पडद्यावरचा आकडा किंचित मागे असतो, कारण उपकरण गुळगुळीतपणासाठी सरासरी काढते. साध्या उड्डाणात हे जाणवत नाही. स्पायरलमध्ये, म्हणजे गोल-गोल फिरत झपाट्याने उतरताना, सेकंदाला दहा मीटर खाली जात असताना मात्र एक सेकंदाचा उशीर म्हणजे दहा मीटर. स्पायरल कोणत्या आकड्याला सोडायचा हे आधी ठरवावे आणि त्यात ही भर धरावी.

शंभर मीटरपर्यंत आकडा मदत करतो. पन्नासच्या खाली त्याचे काम संपते. तिथे झाडांचे शेंडे, आपली सावली आणि जमिनीचा कोन हेच मोजमाप.

आकडा अचानक उड्या मारू लागला, टेबलावर ठेवलेला असतानाही व्हेरिओ टिटटिट करू लागला, तर आधी सेन्सरचे भोक पाहावे. माळव्याची बारीक माती, घामाचे मीठ किंवा पावसाचा थेंब तिथे अडकतो. टाचणी घालू नये, आतली चिप फुटते. मऊ ब्रशने झटकावे आणि कोरड्या जागी ठेवावे. भोकावर आतून स्पंजचा तुकडा असतो. तो वाऱ्याचा झोत आणि ऊन अडवतो, कारण काही सेन्सर थेट उजेडानेही चुकतात. तो निघाला असेल तर वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेला उपकरण चढ-उतार समजेल. उपकरण बंद चेनच्या खिशात किंवा घट्ट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले तर उलटे होते, आतली हवा बाहेरच्या हवेशी जुळायला वेळ लागतो आणि चढ उशिरा कळतो.

उतरल्यावर पंख गोळा करण्याआधी ए२ वाचावा. जो आकडा शिल्लक दिसेल तो वेळेसकट वहीत लिहावा: कुठे शून्य लावला, किती वाजता, उतरताना किती उरले. आठ-दहा उड्डाणांत त्या जागेचा, त्या ऋतूतला सरकता आकडा हाती येतो, आणि पुढच्या वेळी तीनच्या सुमारास पडद्यावर ७० दिसले की त्यातले किती खरे धरायचे ते वहीतून सांगता येते.